मुळांवरच्या गाठी आणि खारी जमीन

आपल्या घरांतून रोज वरण शिजते. तुरीच्या डाळीत शंभर भागांत वीस-बावीस भाग प्रथिन असते, आणि नत्राशिवाय प्रथिन होत नाही, एवढे शाळेत शिकलेले पुष्कळांना आठवत असेल. परंतु तुरीच्या झाडाने हे नत्र आणले कोठून असे विचारले, तर बहुतेक जण ‘खतातून’ किंवा ‘जमिनीतून’ असे उत्तर देतील. ते अर्धेच बरोबर आहे. त्यातील मोठा वाटा हवेतून येतो, आणि तो आणणारे मजूर डोळ्यांना दिसत नाहीत. ते तुरीच्या मुळांवर बाजरीच्या, मुगाच्या दाण्याएवढ्या ज्या गाठी असतात त्यांत राहतात. जंतू म्हटले की आपल्याला रोग आठवतो. हे जंतू आपल्याला जेवू घालतात.

आम्ही कामगार चळवळीतले. शेतकीशास्त्राची पदवी आमच्यापाशी नाही; शाळा लवकर सुटली आणि पुढे जे शिकलो ते रात्री, सार्वजनिक वाचनालयाच्या कृपेने. मग हा विषय आम्ही का घेतला? यंत्रमागावर रात्रपाळी करणाऱ्या माणसाला तुझे गाव कोणते, शेती किती, हे विचारण्याची आमची जुनी सवय. कृष्णा-वारणेच्या काठचे कितीतरी जण एकच उत्तर देत. “जमीन हाय की अण्णा, दीड एकर. पण मीठ फुटलंय.” त्यातल्या एकाने सांगितलेली हकीकत आमच्या मनात राहिली. ऊस येईना म्हणून त्याने सोयाबीन केले. बी उगवले, रोपे वीतभर झाली आणि पिवळी पडली. कोणी सांगितले म्हणून दुसऱ्या वर्षी दुकानातून जिवाणूंची पुडकी आणून बियाण्याला चोळली, तरी तेच. “पुडक्यात काय नव्हतंच, अण्णा. माती होती नुसती.” त्यानंतर तो मागावर आला तो आलाच.

पुडक्यात खरोखरच काही नव्हते का? की होते ते मिठाने मेले? की तिसरेच काही झाले? या प्रश्नाचा माग काढता काढता आम्ही जे वाचले, तेच आज सांगावयाचे आहे.

प्रथम गाठीची गोष्ट. हवेत शंभरातले अठ्ठ्याहत्तर भाग नत्र आहे. एका हेक्टर जमिनीवर जो हवेचा थर उभा आहे त्यात सुमारे ७८ हजार टन नत्र भरेल. आणि त्या सगळ्याखाली उभे असलेले ज्वारीचे ताट मात्र नत्रावाचून खुरटते. कारण हवेतील नत्राचे दोन अणू एकमेकांना इतके घट्ट धरून असतात की त्यांची ताटातूट करणे कोणत्याही झाडाच्या आवाक्याबाहेरचे आहे. माणसाला ते मोठ्या खटपटीने साधले. १९०९ साली जर्मनीत फ्रिट्झ हाबर याने ते प्रयोगशाळेत करून दाखवले आणि १९१३ साली ओपाऊ येथे त्याचा कारखाना निघाला. त्यासाठी चारशे-पाचशे अंश उष्णता आणि हवेच्या दाबाच्या दीडशे-दोनशे पट दाब लागतो. आजचा युरिया याच वाटेने येतो. गाठीतला जिवाणू हेच काम शेतातल्या साध्या उन्हात, चिखलात, एकही बॉयलर न पेटवता करतो.

हे कळायलाही वेळ लागला. कडधान्यानंतर धान्य चांगले येते हे आपल्या शेतकऱ्याला पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होते. बाजरीत मटकी, ज्वारीत तूर ही पद्धत काही विद्यापीठाने शिकवलेली नाही. कारण मात्र १८८६ साली कळले. हेलरीगेल आणि विलफार्थ या दोघा जर्मन संशोधकांनी नुसत्या वाळूत एकीकडे तृणधान्ये लावली आणि दुसरीकडे वाटाणा. नत्र न दिलेले धान्य हटकून खुरटले. वाटाण्याचे काही रोप खुरटले, काही मजेत वाढले; आणि जे वाढले त्याच्या मुळांवर गाठी होत्या. वाळू भाजून निर्जंतुक केली की गाठीही नाहीत आणि वाढही नाही. पुढे दोनच वर्षांत, १८८८ साली, हॉलंडच्या बायेरिंक याने गाठीतला जिवाणू वेगळा काढून वाढवून दाखवला. आपल्याकडे पुसा येथील सरकारी संशोधन संस्थेत एन. व्ही. जोशी यांनी १९२० साली आपल्या कडधान्यांच्या गाठींतील जिवाणूंवरचे काम प्रसिद्ध केले.

गाठ धरण्याचा प्रकार मोठा पाहण्यासारखा आहे, आणि पुढचा सगळा मुद्दा त्यावरच अवलंबून असल्यामुळे तो नीट सांगतो. नत्र कमी पडू लागले की झाडाचे मूळ मातीत एक द्रव्य पाझरू लागते. ही मागणी. मातीत विखुरलेल्या अनेक जिवाणूंपैकी ज्याला ती भाषा कळते तोच तिला उत्तर देतो. हरभऱ्याचा जिवाणू सोयाबीनला उत्तर देत नाही, सोयाबीनचा हरभऱ्याला देत नाही. उत्तरही द्रव्याच्याच रूपाने जाते. ते मिळाल्यावर मुळावरचा एक बारीक केस धनगराच्या काठीसारखा वाकतो, जिवाणूला कवेत घेतो, आणि त्या केसाच्या आतून एक नळी तयार होऊन तिच्यातून जिवाणू मुळात उतरतात. आत मुळाच्या पेशी भराभर वाढून गाठ तयार होते. यानंतर देवघेव सुरू. झाड साखर देते, जिवाणू नत्र देतो. झाडाला हा सौदा स्वस्तात पडत नाही. एक ग्रॅम नत्रामागे बारा-पंधरा ग्रॅम साखर खर्ची पडते असा हिशेब आहे. म्हणूनच शेतात युरिया सढळ हाताने टाकला की झाड गाठी धरण्याच्या भानगडीतच पडत नाही. फुकट मिळत असताना मजुरी कोण देईल?

आणखी एक अडचण असते. नत्र फोडणारे जिवाणूचे यंत्र प्राणवायूने बिघडते, पण जिवाणूला श्वासासाठी प्राणवायू तर हवाच. यावरचा तोडगा असा, की गाठीत आपल्या रक्तातल्यासारखेच एक तांबडे द्रव्य असते. ते प्राणवायू धरून ठेवते आणि मोजून मोजून सोडते. म्हणून चालू गाठ चिरली की आत गुलाबी-तांबूस दिसते. वनस्पतीच्या पोटात रक्तासारखा रंग! आम्ही पहिल्यांदा पाहिला तेव्हा चकितच झालो.

आता मीठ. आपल्याकडच्या खाऱ्या जमिनीची कथा समुद्राशी फार थोडी जोडलेली आहे, कालव्याशी अधिक. काळी जमीन खोल, निचरा मंद, खडकातले क्षार मुळातच पोटात. अशा जमिनीला बारमाही पाणी मिळाले की भूजल वर चढते, आणि उन्हाने पाणी उडून जाताना क्षार पृष्ठभागावर ठेवून जाते. नीरेचा डावा कालवा १८८५ च्या सुमारास सुरू झाला. १९१० साली पुण्याच्या शेतकी कॉलेजचे हॅरल्ड मान आणि त्यांचे सहकारी ताम्हणे यांना नीरेच्या खोऱ्यातील खाऱ्या जमिनींवर सरकारी पुस्तिका लिहावी लागली. म्हणजे दुखणे एका पिढीतच उघडे पडले होते. पुढे उसाबरोबर ते कृष्णा, वारणा, पंचगंगा यांच्या काठाने पसरले. विदर्भात पूर्णेच्या खोऱ्यातला खारपाणपट्टा निराळा. तेथे कालव्याआधीपासूनच जमिनीखालचे पाणी खारे आहे. कर्नालच्या केंद्रीय मृदा लवणता संशोधन संस्थेच्या अंदाजाप्रमाणे देशात ६७ लाख हेक्टरांच्या आसपास जमीन क्षारांनी बाधलेली आहे, आणि महाराष्ट्राचा त्यातला वाटा सहा लाख हेक्टरांच्या घरात जातो.

तिचे दोन प्रकार ओळखून ठेवले पाहिजेत. एक खारवट. तिच्यावर उन्हाळ्यात पांढरा पापुद्रा दिसतो. विरघळणारे क्षार फार, पण मातीची घडण शाबूत. दुसरी चोपण. तिच्यात सोडियम मातीच्या कणांनाच चिकटून बसलेला असतो. कण विस्कटतात, ओली असताना लोणी आणि वाळल्यावर वीट, पाणी वर साचते पण आत मुरत नाही. पहिलीला निचरा आणि धुणे पुरते. दुसरीला आधी जिप्सम घालून सोडियम सोडवावा लागतो. पहिलीचा उपाय दुसरीवर केला तर पैसे पाण्यात, आणि तेही न मुरणाऱ्या पाण्यात.

मीठ गाठीला नेमके कोठे मारते? साधा तर्क असा, की जिवाणू इवलासा, तो पहिला मरत असेल. हा तर्क पुष्कळदा चुकतो. समुद्राच्या लिटरभर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. लसूणघासाच्या गाठीतल्या जिवाणूंच्या काही जाती लिटरला वीस-तीस ग्रॅम मीठ असतानाही वाढतात. बाहेर मीठ वाढले की हे जिवाणू आपल्या पोटात निरुपद्रवी साखरेसारखी द्रव्ये साठवतात. त्यामुळे आतले पाणी बाहेर ओढले जात नाही. सगळेच जिवाणू इतके चिवट नसतात, सोयाबीनचे पुष्कळ नाजूक आहेत. पण हरभऱ्याच्या झाडाला लिटरला दोन-तीन ग्रॅम मीठही जड जाते. म्हणजे जिवाणू उभा आणि यजमान आडवा, असे चित्र बरेचदा दिसते.

याचा उत्तम उलगडा हवाई बेटांवरच्या विद्यापीठात सिंगलटन आणि बोहलूल या दोघांनी सोयाबीनवर केलेल्या प्रयोगात झाला. तो १९८४ साली प्रसिद्ध झाला. त्यांची युक्ती आम्हांला फार आवडली. एका रोपाची मुळे त्यांनी दोन भागांत विभागली. एक अर्धे एका भांड्यात, दुसरे अर्धे दुसऱ्यात. मीठ आणि जिवाणू दोन्ही एकाच भांड्यात घातले. दुसरे अर्धे मूळ गोड्या पाण्यात असल्यामुळे झाड उपाशी-तहानलेले राहिले नाही. पाला उत्तम वाढला. तेव्हा गाठींचे जे काही बिघडेल ते झाड आजारी पडल्यामुळे बिघडले, असे कोणाला म्हणता येऊ नये. मग काय दिसले? जिवाणूंनी मुळाच्या अंगावर वस्ती पूर्वीसारखीच केली. मिठाने त्यांचे काही वाकडे झाले नाही. पण लिटरला दीड ग्रॅम मिठाला गाठी निम्म्यावर आल्या, आणि तीन ग्रॅमला दहातली एकही धड उरली नाही. ज्या थोड्या गाठी धरल्या, त्यांचे काम मात्र बरेच चांगले चालले होते. हजेरीपटावर सगळे हजर, यंत्रेही ठीक. आत जाण्याचे फाटकच उघडले नाही. मुळाचा केस आणि जिवाणू यांची ती पहिली बोलणी मिठाने मोडली होती.

त्यांनी आणखी एक गोष्ट केली. खाऱ्या भांड्यात ज्या मोजक्या गाठी धरल्या होत्या त्यांतले जिवाणू काढून, हे तरी मिठाला सरावलेले असतील, म्हणून पुन्हा वापरून पाहिले. गाठी वाढल्या नाहीत. म्हणजे सोयाबीनच्या बाबतीत अडखळत होते ते झाड. जिवाणू बदलून काम भागत नव्हते.

येथे आमच्या मागवाल्याच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर मिळते. त्याच्या पुडक्यात सर्वोत्तम जिवाणू असते, तरी तितक्या खाऱ्या रानात सोयाबीन हेच पीक असताना गाठी धरण्याची आशा थोडी होती. त्याला ‘मीठ सोसणारे जिवाणू’ विकणारा माणूस खोटे बोलला नसेल. जिवाणू मीठ सोसत असतीलही. झाड सोसत नव्हते, हे त्याने सांगितले नाही.

पण म्हणून जिवाणूकडे पाहूच नये काय? तसेही नाही, आणि यासाठी आपल्याला ऑस्ट्रेलियात जावे लागेल. तेथेही जमिनी खारावल्या, पण कारण उलटे. कालवे आणून नव्हे, तर खोल मुळांची मूळची झाडी तोडून गव्हाची, कुरणांची शेती केल्यामुळे भूजल वर आले. हिवाळ्यात पाणथळ, उन्हाळ्यात पांढरे मीठ, अशा कुरणांसाठी तेथील संशोधकांनी भूमध्य समुद्राच्या काठचे मेसिना नावाचे एक शेंगावर्गीय गवत निवडले. मेथीच्या दूरच्या नात्यातले. हे झाड मीठ आणि पाणथळ दोन्ही सोसते. म्हणजे हवाईच्या सोयाबीनमध्ये जो दुबळा दुवा होता तो येथे भक्कम. बियाण्याला त्याच जातीच्या कुरणगवतांसाठी वर्षानुवर्षे वापरात असलेला नेहमीचा जिवाणू लावला, पेरले, आणि पहिल्या वर्षी कुरण हिरवेगार झाले.

दुसऱ्या वर्षी गळालेल्या बियांतून रोपे आपोआप उगवली, कारण अशा कुरणाचा सगळा फायदा फिरून पेरावे लागू नये यातच असतो. रोपे उगवली आणि पिवळी पडली. उपटून पाहिले तर मुळांवर गाठी नाहीत. झाड तेच, रान तेच. मग मधल्या काळात काय झाले? उन्हाळा झाला. झाड बियांच्या रूपाने कठीण कवचात झोपले होते, त्याला उन्हाळ्याची झळ लागली नाही. जिवाणू मात्र मातीच्या वरच्या दोन-चार बोटांत उघडा होता. पाणी आटत गेले, मीठ दाट होत गेले, त्यातच तो संपला. पावसाळी मीठ त्याने सोसले होते, उन्हाळी मीठ सोसवले नाही. म्हणून दक्षिण ऑस्ट्रेलियाच्या संशोधन संस्थेने निरनिराळे जिवाणू गोळा करून खाऱ्या रानातच उन्हाळ्यात ठेवून पाहिले: कोण जगतो, आणि जगून पुन्हा गाठी धरतो. त्यातून एसआरडीआय-५५४ हा जिवाणू निवडला गेला. २०१७ साली ‘नेपच्यून’ नावाचा मेसिनाचा वाण शेतकऱ्यांना मिळाला तो या जिवाणूसह. बियाणे एकटे दिले नाही.

हे दोन प्रयोग शेजारी ठेवले की आम्हांला वाटते, आपल्याकडे बोलणे फार वेळा एकांगी होते. कोणी वाण देतो, कोणी पुडके देतो, आणि दोघांची गाठ शेतकऱ्याच्या रानात पहिल्यांदाच पडते. कर्नालच्या संस्थेने खारेपणा बऱ्यापैकी सोसणारा ‘करनाल चना १’ हा हरभरा काढला आहे. मध्यम खारेपणात असा निवडलेला वाण आणि त्याला साजेसा निवडलेला जिवाणू एकत्र आले तर गाठी अधिक धरतात, असे अनेक प्रयोगांत दिसले आहे. पण ही निवड आपापल्या रानातल्या उन्हाळ्यातून पार पडली पाहिजे. शिरोळचा मे महिना प्रयोगशाळेत भेटत नाही.

एक जोडी मात्र आपल्याकडे जुनीच, आयती आहे. धैंचा. तागाचा हा दांडगा भाऊबंद खारवट रानातही उगवतो, चोपणातही उगवतो, गुडघाभर पाण्यात उभा राहतो, आणि तशा स्थितीतही त्याच्या मुळांवर गाठी धरतात. (त्याच्या आफ्रिकेतल्या एका नातेवाइकाला तर खोडावर गाठी येतात, सेनेगलमध्ये दोघा फ्रेंच संशोधकांनी त्याची माहिती १९८१ साली प्रसिद्ध केली.) पहिल्या पावसावर पेरून पंचेचाळीस-पन्नास दिवसांनी फुलोऱ्याच्या वेळी गाडला, तर चांगल्या पिकातून हेक्टरी ६० ते १०० किलो नत्र जमिनीला मिळते. शिवाय तो कुजताना जी आम्ले सुटतात ती जमिनीतला चुना विरघळवतात, आणि त्यातला कॅल्शियम सोडियमला थोडा हुसकावतो. चोपण जमिनीला याचा उपयोग अधिक. उणेपणा इतकाच की धैंचा खाता येत नाही आणि विकताही येत नाही. ज्याचे दीडच एकर आहे त्याने एक हंगाम नुसता गाडण्यासाठी पिकवावा, हे सांगणाऱ्याला सोपे असते.

आणि हेही स्पष्ट सांगितले पाहिजे, की जिवाणू मीठ खात नाहीत. मीठ रानाबाहेर जाते ते पाण्याबरोबर, आणि पाणी जाते ते चरातून किंवा जमिनीखाली घातलेल्या सच्छिद्र पाइपांतून. शिरोळच्या बाजूला अशी कामे अलीकडे झाली आहेत; पण एकट्याच्या रानातला चर शेजाऱ्याच्या बांधापर्यंतच जातो. पुढे ओढ्यापर्यंत न्यायचा तर गावाला एकत्र बसावे लागते. आमच्या धंद्यात आम्ही तेच करतो, म्हणून या कामाची कटकट किती असते ते आम्हांला चांगले माहीत आहे.

निचरा होईपर्यंत शेतकऱ्याच्या हातात थोडे उरते, पण उरते. गाठ धरण्याचे पहिले दोन-तीन आठवडेच सर्वांत नाजूक, हे एकदा कळले की त्या काळात मुळाभोवती मीठ कमी राहील असे पाहता येते. गोडे पाणी असेल तर पेरणीपूर्वी एक भरपूर पाणी देऊन क्षार खाली दाबावेत. सरी-वरंब्यावर पेरताना बी माथ्यावर टाकू नये, बगलेला टाकावे, कारण पाणी चढत जाऊन क्षार माथ्यावर जमतात.

राहता राहिले पुडके. त्यातही दोष असू शकतो. पुडक्यात कोळशाच्या किंवा तशाच भुकटीत जिवंत जिवाणू असतात. दहा किलो बियाण्याला अडीचशे ग्रॅम, गुळाच्या पाण्यात कालवून, सावलीत चोळायचे आणि लगेच पेरायचे. आम्ही एका बाजारपेठेत ही पुडकी दुकानाच्या दर्शनी काचेत, मे महिन्याच्या उन्हात, कीटकनाशकांच्या बाटल्यांना टेकून ठेवलेली पाहिली आहेत. मुदत संपायला चार महिने होते. आतले जिवाणू तेवढे थांबले असतील असे वाटत नाही. तेव्हा तो मागवाला “माती होती नुसती” म्हणाला ते अगदीच खोटे असेल, असेही नाही.

खात्री करून घेण्याचा उपाय बिनखर्चाचा आहे. पेरणीनंतर महिना-दीड महिन्याने रानाच्या निरनिराळ्या भागांतली पाच-सहा रोपे काढावी. उपटू नयेत, उपटताना गाठी मातीतच राहतात. खुरप्याने किंवा कुदळीने भोवतीच्या मातीच्या ढेकळासह उचलावी आणि बादलीत हलकेच विसळावी. गाठी मोजाव्या, मग त्यांतल्या दोन-चार नखाने चिराव्या. आत तांबूस असेल तर काम चालू आहे. पांढरी असेल तर गाठ अजून कोवळी तरी आहे किंवा झाडाची साखर फुकट खाते आहे. हिरवी-तपकिरी असेल तर तिचे दिवस संपले. गाठच नसेल, तर रोप कोठले आहे ते पाहावे: पांढऱ्या पापुद्र्याच्या चकत्यांतले, की बऱ्या मातीतले. चकत्यांत गाठी नाहीत आणि बऱ्या मातीत आहेत, तर पुडके ठीक होते, मीठ आडवे आले. बऱ्या मातीतही एकही गाठ नाही, तर ते रोप धुऊन, कागदात गुंडाळून, दुकानाच्या पावतीसह तालुक्याच्या कृषी अधिकाऱ्याच्या टेबलावर ठेवावे.